दगडावरच्या बिया

कॅलिफोर्नियातल्या कुपरटीनोच्या पश्चिमेला सांताक्रूझचे डोंगर चढू लागतात. तिथल्या एका पायवाटेच्या तिसऱ्या वळणावर गुडघाभर उंचीचा एक सपाट दगड आहे. गेली सहा वर्षं त्या दगडाकडे बघितल्याशिवाय मी पुढे गेलेले नाही. त्याच्यावर बरेचदा इथल्या ग्रे फॉक्सची विष्ठा असते. करंगळीएवढी जाड, एका टोकाला निमुळती, आणि मुद्दाम मांडून ठेवल्यासारखी बरोबर मधोमध. डिसेंबरात तिच्यात लाल सालपटं दिसतात. एप्रिलमध्ये करडे केस आणि काडीसारखी बारीक हाडं. ऑगस्टच्या शेवटाला तर ती जवळजवळ नुसत्या बियांचीच असते. वाळली की राजगिऱ्याच्या वडीसारखी घट्ट धरून राहते.

माझ्यासोबत फिरायला येणारी माणसं अशा वेळी चार पावलं पुढे जाऊन उभी राहतात. मी काडीनं ती उकलते, फोटो काढते, घरी आल्यावर वहीत तारीख आणि आत काय सापडलं ते लिहिते. हात लावत नाही. रानातल्या जनावरांच्या विष्ठेतून जंत माणसाच्या पोटात जाऊ शकतात, हे मला आठव्या वर्षीच शिकवलं गेलं होतं.

शिकवलं होतं मामांनी. त्यांचं शेत बारामती तालुक्यात सुप्याच्या बाजूला, जिथं पाऊस येता येता थकून जातो त्या भागात. शेताच्या पलीकडे माळ. कुसळी गवत, बाभळी, बोरीची झुडपं, आणि नशीब असेल तर लांबवर चिंकारांचा कळप. सुट्टीत मी मामांच्या मागं मागं हिंडायची. एकदा बांधावरच्या धोंड्यापाशी ते थांबले आणि काडीनं काहीतरी उकलू लागले.

“हे बघ पोरी, खोकडाचं. बोरं खाऊन गेलंय रातच्याला.”

“कोल्ह्याचं कशावरनं नाही, मामा?”

“कोल्ह्याचं जाड असतंय. आन् कोल्हा असतोय उसात. माळावर आपलं खोकड.”

त्या काळ्या, वाळक्या तुकड्यात बोराच्या बिया अख्ख्या होत्या. मला त्या मोजायच्या होत्या, मामांनी हात मागं ओढला.

हा फरक मी शहरात शिकायला आल्यावर विसरले. शाळेच्या पुस्तकात सगळेच कोल्हे होते. इसापाच्या गोष्टीतला द्राक्षांखाली उड्या मारणारा तो कोल्हा, आणि गावाकडे रात्री कोल्हेकुई करणारा तोही कोल्हाच. खरं तर गावात ज्याला कोल्हा म्हणतात तो इंग्रजीतला जॅकल. फॉक्स म्हणावं असं आपल्या माळावरचं जनावर म्हणजे खोकड, मांजरापेक्षा जरासं मोठं, काळ्या टोकाच्या झुपकेदार शेपटीचं. भाषांतर करणाऱ्यांनी खोकडाला वगळलं आणि शहरातल्या मुलांच्या डोळ्यांपुढून ते जनावरच नाहीसं झालं. मला याचं अजून वाईट वाटतं. नाव गेलं की त्या जनावराची चौकशी करणारं कुणी उरत नाही.

म्हणून इथल्या ग्रे फॉक्सला काय म्हणायचं, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न होता. मी ‘करडा कोल्हा’ म्हणते, कारण दुसरं काही सुचलं नाही. मामा मात्र पहिल्या दिवसापासून त्याला ‘तुझं खोकड’ म्हणतात.

तो मला पहिल्यांदा दिसला तो जमिनीवर नव्हे. ऑक्टोबरातली संध्याकाळ होती. ओढ्याकाठच्या एका जुन्या ओकवर रानद्राक्षाचा वेल चढला होता आणि वरच्या फांदीवर काहीतरी हललं. मला वाटलं, रकून असेल. मग अंधुक उजेडात शेपूट दिसली. लांब, भरघोस, पाठीकडच्या बाजूनं मधोमध काळी रेघ गेलेली आणि टोकही काळंच. कान टोकदार. मानेच्या बाजूंना विटकरी रंग, गळा पांढरा, बाकी अंग मीठ-मिरी एकत्र केल्यासारखं. जमिनीपासून बारा-पंधरा फूट उंचीवर एक कोल्हा पुढचे दोन पाय फांदीवर रोवून द्राक्षं खात होता.

मी किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. पोट भरल्यावर तो एका फांदीवरून खालच्या फांदीवर उतरला. मग बुंध्याला चारी पायांनी कवटाळून, मांजर उतरतं तसा शेपटीकडून हळूहळू खाली सरकला आणि शेवटचे चार फूट उडी मारून झुडपांत गेला. पानांचा आवाजसुद्धा झाला नाही. त्या रात्री मी मामांना फोन लावला. तिकडे सकाळ होती.

“मामा, इथला कोल्हा झाडावर चढतो. द्राक्षं खाताना बघितला मी.”

“मग आंबट नसतील,” मामा म्हणाले, आणि लगेच विचारलं, “पंजा कसा असतोय त्याचा?”

मामांचे प्रश्न असेच नेमके असतात. सगळं त्या पंजातच आहे. कुत्र्याची नखं जमिनीवर घासून बोथट होतात. करड्या कोल्ह्याची नखं आकड्यासारखी वळलेली आणि टोकदार असतात, आणि चालताना ती थोडीफार आत ओढून घेता येतात. दुसरी गोष्ट, त्याचा पुढचा पाय कोपराखाली पिळवटतो. कुत्र्याला पुढचे दोन पंजे समोरासमोर आणून झाडाला मिठी मारता येत नाही, याला येते. तो पुढच्या पायांनी बुंधा धरतो आणि मागच्यांनी स्वतःला वर लोटतो. ६० फुटांपर्यंत तो चढू शकतो. जमिनीपासून ३० फुटांवरच्या ढोलीत त्याची पिल्लं सापडल्याच्याही नोंदी आहेत. सगळ्या श्वानकुळात असा खरोखरीचा चढणारा याच्याशिवाय म्हणावा तर पूर्व आशियातला रकून डॉग, आणि तोही याच्याइतका नाही.

१७७५ मध्ये श्रेबर या जर्मन निसर्गअभ्यासकानं याला शास्त्रीय नाव दिलं, त्याचा अर्थ राखेच्या आणि चांदीच्या रंगाचा. त्याच्या प्रजातीचं नाव उरोसायॉन, म्हणजे ‘शेपटीवाला कुत्रा’. पण कुत्रा, लांडगा, तांबडा कोल्हा, खोकड या सगळ्यांपासून हा फार दूर आहे. आज जिवंत असलेल्या श्वानकुळात सगळ्यांत आधी वेगळी फुटलेली शाखा हीच, असं बहुतेक जनुकीय अभ्यास सांगतात. कोटभर वर्षांच्या आसपासची ही गोष्ट. म्हणजे खोकड आणि लांडगा हे एकमेकांचे जितके जवळचे, तितका जवळचा हा दोघांपैकी कुणाचाच नाही. दिसायला कोल्हा, म्हणून आपण त्याला कोल्हा म्हणतो एवढंच.

यातली एक गोष्ट मला कळली तेव्हा मी पुस्तक मिटून अंगणात गेले होते. श्वानकुळाचा जन्मच उत्तर अमेरिकेतला. सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी ते इथं सुरू झालं आणि त्यातला बहुतेक सगळा काळ इथंच राहिलं. सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वी, आज जिथं बेरिंगची सामुद्रधुनी आहे तिथल्या जमिनीवरून त्यांतले काही आशियात गेले. माळावरच्या आमच्या खोकडाचे पूर्वज त्या वाटेनं तिकडे गेलेले. उरोसायॉनची शाखा मात्र कधीच अमेरिका खंडांबाहेर गेली नाही. दक्षिण कॅनडापासून व्हेनेझुएला-कोलंबियाच्या उत्तर भागापर्यंत ती पसरली, आणि बस. लॉस एंजेलिसमधल्या ला ब्रेआच्या डांबरात अडकून मेलेल्या जनावरांची हाडं निघतात, त्यांत लांबलचक सुळे असलेली अजस्र मांजरं आहेत, आताच्या लांडग्यापेक्षा थोराड लांडगे आहेत आणि हाही आहे. ते सगळे संपले. हा पाच किलोचा प्राणी अजून माझ्या वळणावरच्या दगडावर रोज हजेरी लावतो.

तो टिकला कसा, हे समजून घ्यायला मला या डोंगरानंच मदत केली. इथं त्याच्याहून मोठे तीन-चार जण राहतात. बॉबकॅट हे रानमांजर आहे, सोनेरी गरुड आहे, प्यूमा म्हणजे डोंगरी सिंह आहे, आणि सगळ्यांत मोठा वैरी म्हणजे कायोटी, लांडग्याचा लहान भाऊबंद. कायोटी याला खाण्यासाठी म्हणून कमी आणि वाटेतला म्हणून जास्त मारतो. जिथं कायोटी वाढतात तिथं करडे कोल्हे दाट झुडपांत सरकतात किंवा दिसेनासे होतात. उघड्या माळावर पळून हा जीव वाचवू शकत नाही, त्याचे पाय आखूड आहेत. त्याच्याकडे दोन गोष्टी आहेत. एक झाड. दुसरी मला याच डोंगरांत झालेल्या एका अभ्यासातून कळली, आणि ती वाचल्यापासून मी या प्राण्याकडे वेगळ्या आदरानं बघते.

प्यूमा नर आपल्या हद्दीत ठरावीक जागी मागच्या पायांनी पाचोळा उकरून लहान ढीग करतात आणि त्यावर मूत्र टाकतात. सांताक्रूझ डोंगरांतल्या अशा जागांवर संशोधकांनी कॅमेरे लावले. त्यांत करडे कोल्हे पुन्हा पुन्हा आले. येऊन ते त्या ढिगावर गाल घासायचे, मान घासायचे, आणि ढीग ताजा असेल तेव्हा विशेष करून. २०१७ मध्ये हे काम छापून आलं. कोल्हा आपला वास तिथं सोडत नसावा, तर प्यूमाचा वास अंगाला लावून घेत असावा, म्हणजे कायोटीनं हुंगलं तर दोनदा विचार करावा, असा त्यांचा कयास आहे. कॅमेऱ्यातली ती चित्रफीत मी पाहिली आहे. कोल्हा डोळे बारीक करून, सावकाश, एकेक गाल लावत होता. लग्नघरात बायका हळद लावतात तितक्या निगुतीनं.

मामांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “धनगराच्या मेंढरात लांडगा शिरतोय तो वाऱ्याच्या उलट्या अंगानं. वासाचं त्यांना आपल्यापरीस जास्त कळतंय.”

खाण्याचं मात्र सांगायला हवं, कारण माझी वही त्यानंच भरली आहे. हिवाळ्यात पाऊस पडून गवत उगवतं आणि मार्चपासून विष्ठेत व्होल नावाच्या रानउंदरांचे केस येतात. ब्रश रॅबिटचे येतात, झुडपाखाली काटक्यांचा पुरुषभर उंच ढिगारा रचून राहणाऱ्या वूडरॅटचेही येतात. जून-जुलैत नाकतोड्यांच्या तंगड्या. मग मॅन्झनीटा पिकतो. मॅन्झनीटा म्हणजे स्पॅनिशमध्ये लहानसं सफरचंद. लाल गुळगुळीत सालीचं झुडूप, फळ हरभऱ्यापेक्षा थोडं मोठं, पिठूळ आणि आंबूसगोड. महिनाभर कोल्हा जणू त्याच्यावरच जगतो. त्यामागून कॉफीबेरी, मद्रोनची नारिंगी फळं, रानद्राक्षं, ओकच्या बिया, आणि थंडीत टोयॉनची लाल बोरं. ‘कोल्हा काकडीला राजी’ असं आपण कुणाला हिणवायला म्हणतो. सहा वर्षं ही वही लिहिल्यावर ती म्हण मला हिणवण्याची वाटेनाशी झाली आहे. कुठल्या महिन्यात डोंगराच्या कुठल्या अंगाला काय पिकतं, हे ज्याच्या पोटाला ठाऊक आहे तो उपाशी मरत नाही.

त्यांची जोडी बहुतेक करून टिकाऊ असते. हिवाळ्याच्या शेवटाला मीलन, साधारण ५३ दिवसांनी पिल्लं, बहुतेक वेळा तीन किंवा चार. जन्मतात तेव्हा डोळे मिटलेली आणि जवळजवळ काळी. तीन महिन्यांची झाली की आईबापामागं शिकारीला निघतात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी आपापल्या वाटेनं जातात. रानात सहा-आठ वर्षं जगला तर पुष्कळ जगला.

पण तितकंही अनेकांना मिळत नाही. पालो आल्टोच्या खाडीकाठच्या दलदलीत करड्या कोल्ह्यांची काही कुटुंबं होती, वर्षानुवर्षं कॅमेऱ्यांत नोंदलेली. २०१६ संपता संपता त्यांच्यात डिस्टेंपर शिरला आणि बघता बघता ती जागा रिकामी झाली. कुत्र्यांना ज्याची लस आपण न चुकता टोचून घेतो, तोच हा रोग. खाडी एका बाजूला, महामार्ग दुसऱ्या बाजूला, कार्यालयांच्या इमारती तिसऱ्या. नवे कोल्हे तिथं येणार कुठून? त्या थंडीत मी तिथल्या बंधाऱ्यावर फिरायला गेले होते. बदकं होती, बगळे होते, चिखलात एकही नवा पंजा उमटलेला नव्हता.

आणि आमच्या वसाहतीतल्या त्या काळ्या डब्यांबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. कुंपणाच्या कडेनं दर वीस पावलांवर प्लास्टिकचा एक डबा, आत उंदरांचं विष. असं विष उंदराला लगेच मारत नाही. रक्त गोठणं थांबवतं, उंदीर दोन-चार दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो, आणि नेमका तोच सहज हाती लागतो, घुबडाच्या आणि कोल्ह्याच्याही. मी बैठकीत हा विषय तीनदा काढला. तिसऱ्यांदा एका शेजारणीनं मला हळूच विचारलं, उंदीर घरात आले तर चालतील का तुम्हाला? मला उत्तर नीट देता आलं नाही. २०२१ च्या सुरुवातीपासून कॅलिफोर्नियात यातल्या सगळ्यांत घातक विषांच्या वापरावर कायद्यानं कडक बंधनं आली. डबे अजून आहेत, आत काय आहे ते मी दर वेळी विचारते.

सगळं हातातून निघून चाललंय असं वाटायला लागलं की मला सांताक्रूझ बेटावरची सकाळ आठवते. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर चॅनल बेटं आहेत. आठातल्या सहा बेटांवर करड्या कोल्ह्याचा एक धाकटा भाऊ राहतो, मांजराएवढा. हजारो वर्षांपूर्वी मुख्य भूमीवरून गेलेल्या करड्या कोल्ह्यांचीच ही संतती. एकमेकांपासून तुटलेल्या बेटांवर राहून आकारानं लहान झालेली. काही बेटांवर त्यांना तिथल्या मूळ रहिवाशांनी होडीतून नेलं असावं असं मानतात.

या बेटांवर जे घडलं त्यात कोल्ह्यांचा काही दोष नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यावर डीडीटी हे कीटकनाशक समुद्रात गेलं, माशांत गेलं, मासे खाणाऱ्या टकल्या गरुडांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली आणि बेटांवरून ते गरुड संपले. ते होते तोवर सोनेरी गरुडाला तिथं पाय टाकू देत नसत. जागा मोकळी झाली. पाळीव डुकरं सुटून रानटी झालेली होतीच, त्यांच्या पिल्लांवर पोट भरायला १९९० च्या दशकात सोनेरी गरुड येऊन राहिले. वरून कुणी झडप घालतं, हे या कोल्ह्यांना ठाऊकच नव्हतं. ते भर दिवसा उघड्यावर फिरायचे. सॅन मिगेल बेटावर १५ उरले. सांता रोझावर १५. सांताक्रूझवर शंभराच्याही आत.

मग माणसांनी एकेक टाका उसवत मागं जायचं ठरवलं. उरलेले कोल्हे पिंजऱ्यांत जपून त्यांची पिल्लं वाढवली. सोनेरी गरुड मारले नाहीत, जिवंत पकडून मुख्य भूमीवर लांब नेऊन सोडले. टकले गरुड परत आणले. डुकरं काढून टाकली, आणि तेवढं मात्र मारूनच. २००४ मध्ये संकटग्रस्त यादीत गेलेले तिथले कोल्हे २०१६ मध्ये यादीतून बाहेर आले. अमेरिकेच्या संकटग्रस्त जीवांसाठीच्या कायद्याखालचा एकही सस्तन प्राणी तोवर इतक्या लवकर सावरला नव्हता.

मी तिथं एक रात्र तंबूत राहिले. सकाळी चहा उकळत असताना एक कोल्हा बाकाखालून निघाला, माझ्या बुटाचा वास घेतला आणि समोरच्या दगडावर जाऊन आपलं काम उरकून गेला. दगड त्यालाही लागतोच. मी वही काढली.

आता पुन्हा माझ्या वळणावर. २०२० च्या ऑगस्टमध्ये विजा पडून या डोंगरांना आग लागली आणि सुमारे ३५ हजार हेक्टर रान जळालं. सप्टेंबरात एक दिवस असा उजाडला की आकाश नारिंगी होतं आणि दुपारी बाराला दिवे लावावे लागले. अंगणात राख पडत होती. माझी वाट वाचली, पण पलीकडचे उतार काळे झाले. दोन वर्षांनी तिकडे जाऊ दिलं तेव्हा मी गेले. जळक्या बुंध्यांच्या मधल्या मातीत मॅन्झनीटाची बोटभर उंचीची रोपं होती, खाली बसून बघितल्यावरच दिसणारी, आणि एकदा दिसली की सगळीकडे.

मॅन्झनीटाचं बी पडल्याबरोबर उगवत नाही. त्याचं कवच दगडासारखं असतं. फळ खाल्लं जातं, बी कुठल्या तरी दगडावर किंवा वाटेवर टाकलं जातं, उंदीर-खारी काही बिया उचलून पुरतात, काही पावसानं मातीत जातात. आणि मग ती पडून राहतात. दहा वर्षं, वीस, कधी त्याहून पुष्कळ जास्त. आगीची धग आणि धूर लागला की मग त्यांना जाग येते. त्या काळ्या उतारावरची रोपं कुठल्या कोल्ह्यानं कुठल्या साली खाल्लेल्या फळांची होती, हे कुणालाच सांगता येणार नाही. तो कोल्हा जाऊन पिढ्या झाल्या असतील.

गेल्या आठवड्यात दगडावर पुन्हा बिया होत्या. मी व्हिडिओ कॉल लावला. मामा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत, माळावर जात नाहीत, ओट्यावर बसून असतात. मी त्यांना दगड दाखवला.

“त्यातनं उगवतंय का काही?” त्यांनी विचारलं.

मी आगीचं सांगितलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

“बी केवढं असतंय?”

मी काडीनं एक बी बाजूला केलं, त्याच्याशेजारी एक सेंटचं नाणं ठेवलं. नाण्याचा आकार त्यांना कळेना, म्हणून माझं नख शेजारी धरलं.

“तुरीएवढं,” ते म्हणाले. “बोराच्या बीपरीस लहान.”

“हो, मामा.”

“पाऊस झाला का तिकडं?”

“इथं ऑगस्टमध्ये नसतो. तुमच्याकडं?”

“नाही अजून,” मामा म्हणाले, आणि फोन मामींच्या हातात दिला.